टक्केवारी किती बालकांमागे?

संपादक महोदय,

कुपोषण घटल्याच्या बातम्यांत टक्केवारी ठळक असते, पण ती किती बालकांमागची हे बहुधा नसते. समजा, अंगणवाडीच्या पटावर ४० बालके आहेत. वजन-उंची ३० जणांची घेतली, त्यांत ६ कुपोषित निघाली. म्हणजे २० टक्के. उरलेली १० आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेली असतील आणि त्यांतली ५ कुपोषित असतील, तर खरे प्रमाण साडेसत्तावीस टक्के होते. त्यामुळे ऑगस्टचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडताना दोन्ही महिन्यांत किती मुले मोजली, हे आधी विचारावे.

तालुक्याचा आकडा काढताना अंगणवाड्यांच्या टक्केवाऱ्यांचीच सरासरी काढली, तर तोही चुकतो. एकीत १० पैकी ५, दुसरीत १०० पैकी १० कुपोषित. ५० आणि १० यांची सरासरी ३०. प्रत्यक्षात ११० पैकी १५, म्हणजे १३.६ टक्के. बेरीज मुलांची करायची असते, टक्क्यांची नव्हे.

‘सरासरी वजनवाढ ४०० ग्रॅम’ हे वाक्यही तपासून घ्यावे. ग्राम बाल विकास केंद्रातल्या (तीव्र कुपोषित बालकांना गावातच जादा आहार देणारे केंद्र) पाच बालकांची वाढ १००, १५०, १५०, २०० आणि १४०० ग्रॅम असेल, तरी सरासरी ४०० च येते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा, मात्र १५०. पाचव्या बाळाचे आधीचे वजन ८.४ ऐवजी ७.२ किलो नोंदले गेले, एवढेच घडलेले असते! ते दुरुस्त केले की सरासरी १६० वर उतरते आणि मध्यक जागचा हलत नाही. मध्यक दहावीच्या गणितात आहे; अहवालात तो क्वचितच दिसतो.

मोजमाप ढिले असेल, तर आकडा उलट्या दिशेनेही फसवतो. दोन वर्षांखालील बाळाला झोपवून मोजतात, मोठ्याला उभे करून. झोपवून घेतलेली लांबी सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरते. पद्धतीची अदलाबदल झाली की माप तेवढे चुकते. अशा चुका साचल्या की झेड-स्कोअरचा, म्हणजे बाळाचे माप प्रमाणित मापापासून किती दूर आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा, पसारा वाढतो. त्याचे प्रमाण विचलन (पसारा मोजणारा आकडा) १ च्या आसपास हवे. ते १.२ च्या वर गेले, तर उणे ३ च्या खाली जाणारी, म्हणजे तीव्र कुपोषित दिसणारी मुले निव्वळ चुकीच्या मापामुळेही वाढतात. वजनाच्या नोंदींत दशांशस्थळी ० किंवा ५ साधारण पाचांत एकदा यावा. निम्म्या नोंदी तशा असतील, तर काटा नीट वाचलेला नाही. मग टक्केवारी छापण्याआधी पुन्हा वजने घ्यायला सांगावे.

– पोषण सर्वेक्षणाचे काम करणारे काही वाचक