आई, मी तुला बंद केलं नव्हतं

नागपूर,
पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका. मी ठीक आहे, कान ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर हे जमलं नसतं म्हणून लिहिते. मी इकडून अंदाजाने ऐकणार, बाबा तिकडून अंदाजाने उत्तर देणार, आणि आई मधे उभी राहून दोघांना ओरडून सांगणार, त्यात चार वाक्यं स्वतःची घालणार. आई, आधी तू वाच, मग बाबांच्या हातात दे. मोठ्याने वाचून दाखवू नकोस. का ते पुढे येईल.

आधी पोळ्याच्या दिवसाचं.

दुपारी तू मावशीच्या विहिणीचं सांगत होतीस आणि मी मधेच कानामागे हात नेऊन कॉक्लिअर इम्प्लांटचं मशीन काढून ठेवलं. तू थांबलीस. बोलली काही नाहीस, पुरणाचं पातेलं उचललंस आणि आत गेलीस. संध्याकाळी मशीन लावून मी ओसरीवर बैलांच्या पूजेचं ताट आवरत होते, तेव्हा तू स्वयंपाकघरात वहिनीला म्हणालीस, "पहिले तिला ऐकू येत नव्हतं. आता तिला ऐकायचं नाही."

ते मी ऐकलं, आई. पंधरा वर्षं त्या घरात माझ्या पाठीमागे सगळे बिनधास्त बोलत आले, ती सोय आता गेली. पण खरं सांगू? आधी वाईट वाटलंच नाही, आधी आनंद झाला. तुझ्याकडे माझी पाठ होती, ओठ दिसत नव्हते, मधे भिंत होती, आणि अख्खं वाक्य कळलं. 'ऐकायचं'मधला च सुद्धा. वाईट नंतर वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

मी तुला बंद केलं नव्हतं. त्या वेळी घरात मिक्सर चालू होता, आत्या आणि काका एकाच वेळी बोलत होते, पोरं लाकडी बैल फरशीवरून ओढत होती, चौकात भोंगा होता. तुमचे कान यातून हवं ते उचलतात आणि बाकीचं मागे ढकलतात, तुम्हाला कळतही नाही. माझं मशीन सगळं एकाच मापाने आणून ओततं. चांगल्या कानाच्या आत पंधरा-सोळा हजार बारीक केसांच्या पेशी असतात. माझ्या झडल्या, आणि त्यांच्या जागी आता २२ इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे ठोके देणारे बारीक ठिपके, आहेत. पंधरा हजार मजुरांचं काम बावीस जण करून राहिले आहेत असं समज. उरलेलं डोकं जुळवतं. सकाळी पाचपासून जुळवत होते. दुपारी दोनला तुझं बोलणं नुसतं पत्र्यावर गारा पडाव्यात तसं येत होतं. अर्धा तास शांत बसलं की गाडी पुन्हा रुळावर येते. माझं चुकलं ते एवढंच, की सांगून काढायला हवं होतं. यापुढे सांगेन. तूही रुसायच्या आधी विचारत जा.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मशीन पहिल्यांदा सुरू केलं तो दिवस आठवतो? तू 'बेबी' म्हणालीस आणि मला दोन टिचक्या ऐकू आल्या. टिक, टिक. माझा चेहरा पाहून तू रडलीस, आणि बाबा बाहेर जाऊन न विचारता तीन चहा घेऊन आले. त्या रात्री मनात आलं, नाल्याजवळचा शेताचा तुकडा विकला तो या दोन टिचक्यांसाठी का? हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या वेळी सांगण्यासारखं नव्हतं.

हिशेब मागणार नाही असं बाबा म्हणाले होते, तरी देते. फोडणीत मोहरी तडतडते, ती ऐकू येते. दोडक्याच्या शिरा काढताना आवाज होतो, हे तर मी विसरलेच होते. भाजीवाला कोथिंबिरीला 'सांभार' म्हणतो, त्यातला स येतो. कितीतरी वर्षं माझ्यासाठी त्याचं 'आंभार' झालं होतं. स, श, च हे बारीक आवाज माझे आधी गेले. बाबा, मामा, पापा हे तर ओठांवर तंतोतंत सारखे दिसतात, त्यावरून मामाच्या वेळी काय झालं ते पुन्हा नको लिहायला. आता ओठांकडे पाहावं लागतं, पण नुसतं ओठांवर जगावं लागत नाही.

आत्याला एक समजावून सांगा. ती अजूनही "साधं मशीन लावलं असतं तर एवढा खर्च नसता आला" म्हणते. साधं मशीन आवाज मोठा करतं. माझ्या कानात मोठा केलेला आवाज झेलायलाच काही उरलं नव्हतं. माझं हे मशीन झडलेला भाग ओलांडून थेट नसेला विजेचे ठोके देतं. आणि सरकारची योजना लहान लेकरांसाठी आहे, एक्केचाळीस वर्षांच्या बेबीसाठी नाही.

सगळंच परत आलं असं मात्र नाही, आणि तुमच्याशी खोटं बोलणार नाही. बाबा सायंप्रार्थनेला बसले की खंजिरीचा ठेका मला जसाच्या तसा येतो, एक थाप चुकत नाही. पण चाल येत नाही. सूर वर गेला की खाली, ते लागत नाही. तरी त्या दिवशी मी शेवटपर्यंत बसले ना? ठेक्यासाठी बसले. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून त्याच ठेक्यावर झोपायची, तेव्हाही चालीशी मला काय घेणं होतं.

आता आईच्या काळज्या, एकेक करून. जेवते मी. मागच्या वर्षी तुझी पाटोडी ताटात ठेवली ती नावडून नाही. चवीची एक नस कानातूनच जाते, तिला धक्का लागला की काही दिवस जिभेवर लोखंड चाटल्यासारखं होतं. ते केव्हाच गेलं. बॅटरी रोज रात्री फोनसारखी चार्जिंगला लावते, जास्तीची पर्समध्ये असते. पावसाळ्यात मशीन रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवते. मे महिन्यात घामाने हाल झाले खरे, दिवसातून चारदा पुसायचे. कूलरचं काय करावं ते कळत नाही. तो चालू असला की समोरच्याचं बोलणं जातं, बंद केला तर समोरचाच जातो. हेल्मेट घालताना मशीन निसटतं, म्हणून ऑफिसला आता गाडी नेत नाही, सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डीला जाते. मेट्रोतली सूचना कळते, कारण पुढचं स्टेशन कोणतं ते मला आधीच पाठ असतं. ऐकण्यातलं अर्धं असंच असतं, आई. माहीत असलेलं लवकर ऐकू येतं.

रात्री मशीन काढल्यावर मी पूर्वीचीच, ढग गडगडले तरी उठत नाही. म्हणून उशीखाली थरथरणारं घड्याळ आहे, बेल वाजली की खोलीत दिवा लागतो, आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. आणखी एक, हे दोघांनीही पाठ करा. कधी मला काही झालं आणि डॉक्टर एमआरआय म्हणाले, तर आधी सांगायचं की डोक्यात लोहचुंबक असलेलं मशीन आहे. कार्ड पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात आहे. फोटो दादाकडे आहे.

तर एकटी राहते म्हणून काटोलला परत ये, हे आता बोलायचं नाही. दर दुसऱ्या शनिवारी येतेच आहे.

बाबा, आता तुम्ही वाचा. हे मोठ्याने वाचू नका म्हटलं ते यासाठी.

पोळ्याला मी दोन तास तुमच्या दुकानात बसले होते. एका शेतकऱ्याने विचारलं, "पंपाला किती टाकू?" तुम्ही म्हणालात, "साडेचारशे." त्याने फवारणीच्या औषधाचं माप विचारलं होतं, तुम्ही भाव सांगितला. तो हसला. मला हसू नाही आलं. नंतर पाहत राहिले. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसता, म्हणजे मागून कोणी बोलू नये. माणूस आला की आधी तुम्हीच बोलायला लागता, म्हणजे ऐकायचं कमी पडतं. बाकीचे हसल्यावर क्षणभराने हसता. आणि अडलं की "हो, पाहू". हे सगळं मी ओळखलं कारण हे माझं आहे, बाबा. एकही युक्ती तुम्ही नवी काढलेली नाही. टीव्हीचा आवाज घरात किती मोठा असतो हेही मला यंदाच कळलं.

रागावू नका. वयाने होतं, नुसता मळही असू शकतो. तुम्हाला ऑपरेशन नाही सांगत मी, साधं मशीन बहुतेक पुरेल. तपासणी म्हणजे एका बंद खोलीत बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. सुई नाही, काही नाही. माझ्यासारखी पंधरा वर्षं "चालतंय" म्हणत काढू नका, एवढंच. कान रिकामा राहिला की डोकं शब्द विसरायला लागतं, ते मी भोगलं आहे.

तुम्हाला एक गोष्ट सांगते. आपलं हे अनेक इलेक्ट्रोडचं मशीन ज्यांनी १९७८ साली मेलबर्नमध्ये पहिल्या माणसाला बसवलं, त्या डॉक्टर ग्रेम क्लार्कांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. वडिलांना ऐकू येत नसे, गिऱ्हाइकांना नको त्या गोष्टी ओरडून मागाव्या लागत. मुलगा हे बघत मोठा झाला. पुढे कानाच्या आतल्या वळणात तार कशी सरकवायची ते सुचत नव्हतं, तर समुद्रकाठी शंखात गवताची काडी सरकवून पाहिली. बुडाशी ताठ आणि टोकाला लवचीक, ती बरोबर आत गेली. तुम्ही शेताच्या धुऱ्यावर बसून तशीच काडी दातात धरता.

तर, महालक्ष्म्या उठल्या की त्यानंतरच्या गुरुवारची, साडेअकराची वेळ मी घेतली आहे. दादाशी बोलून झालं आहे, तो गाडी घेऊन येईल. फळगळ सुरू आहे, फवारणी राहिली, हे चालणार नाही. फवारणी बुधवारी उरका. तुम्हाला विचारलं नाही, हे खरं. तुकडा विकताना तुम्हीही मला विचारलं नव्हतं.

आई, सकाळी त्यांना बीपीची गोळी देऊन आण, उपाशी नको. डबा आणू नकोस, मी स्वयंपाक करते. बरं, सांडगे आण. आणि दोघांनीही लवकर निघा, म्हणजे इथे थोडं टेकता येईल. दुपारी बाबा आडवे झाले की मी खिडकी लावते, कूलर बंद करते आणि तुझ्यासमोर बसते. मावशी विहिणीला काय म्हणाली, ते तिथंच राहिलं.

तुमची,
बेबी