वीतभर काडी मागितली होती

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

आपलं नाव इथे लिहीत नाही, खात्याचंही नाही. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आपण माझगावातल्या आमच्या वाडीत आला होतात. त्याच सकाळी झाडावरून उतरवलेला आंबा आम्ही आपल्या हातात दिला होता. डिसेंबरात आंबा. आपण तो नाकाला लावलात, बरोबरच्या साहेबांना दाखवलात आणि पारावर उभं राहून म्हणालात, हे झाड मुंबईची ठेव आहे, याची कलमं करून बागेत लावू, खाली पाटी लावू. टाळ्या आम्हीच वाजवल्या. सहा आंब्यांची पिशवी आपल्या गाडीत मी माझ्या हाताने ठेवली. एवढ्या खुणेवरून आपल्याला आठवावं.

ते झाड गेल्या २८ एप्रिलला तोडलं.

सकाळी सातच्या आधी गाडी आली. पावसाळ्याआधी फांद्यांची छाटणी दर वर्षी होते, तशीच असेल म्हणून कोणी खिडकीतून डोकावलंही नाही. मी दूध तापवत होतो. गोदीत ३४ वर्षं वेल्डिंग केलं आहे, यंत्र कशात शिरलंय ते मला आवाजावरून कळतं. करवतीचा आवाज जड झाला तसा मी चपला न घालता खाली धावलो. बुंधा अर्धा कापून झाला होता. झाड फळांनी भरलेलं होतं, पाड लागायला फार तर पंधरा दिवस होते. कैऱ्यांचा सडा पडला होता आणि त्यावरूनच ट्रक मागे घेत होते. वाडीतली पोरं चाकांच्या मधून कैऱ्या वेचत होती. त्यांना ओरडायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मी कागद मागितला. मुकादमाने मोबाइलवर दाखवला. रस्त्याच्या कामास अडथळा, धोकादायक, वय अंदाजे ३५ वर्षं.

पस्तीस? साहेब, माझे वडील १९५१ साली संगमेश्वराकडून या वाडीत आले, तेव्हा या झाडाच्या सावलीत टांग्याचे घोडे बांधलेले असत. माझ्या आत्याच्या लग्नाचा १९६४ सालचा फोटो घरात आहे. नवरा-नवरीच्या मागे हाच बुंधा दिसतो, तेव्हाच माणसाच्या कवेत न मावणारा. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री ठरलं. तोडायचंच असेल तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, अशीही अट आली. कागदावर ३५ लिहिलं की हेरिटेजची कटकट संपते आणि लावायची झाडंही कमी होतात. एका आकड्यात दोन कामं. ज्याने तो आकडा लिहिला त्याने बुंध्याभोवती टेप तरी धरली होती का, एवढं मला आधी विचारायचं आहे.

तुमच्या कचेरीतल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला विचारलं होतं, "काका, आंब्याचंच झाड ना? देवगडचं एक कलम देतो, लावा." त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

मुंबईच्या सात बेटांपैकी आमचं एक. इथे पोर्तुगिजांचं इनाम होतं, टेकडीवर किल्ला होता, तो १६९० साली सिद्दी याकूतखानाने जाताना उद्ध्वस्त केला. टिळकांचे मित्र बॅरिस्टर काका बाप्टिस्टा, १९२५ साली या शहराचे महापौर झालेले, इथल्या म्हातारपाखाडीचे. आणि इथला आंबा. वर्षातून दोनदा येणारा म्हणून माझगावच्या आंब्याची ख्याती होती. १८०९ साली मुंबईत राहिलेल्या मरिया ग्रॅहम या इंग्रज बाईने लिहून ठेवलंय की इथल्या मूळ झाडावर फळाच्या दिवसांत शिपायांचा पहारा असे. शहाजहानच्या काळी या किनाऱ्यावरचा आंबा बादशहाच्या ताटात ताजा पोहोचावा म्हणून दिल्लीपर्यंत जासूद ठेवलेले होते, असंही ती सांगते.

२८ एप्रिलला आमच्याही झाडापाशी शिपाई उभे होते. ते आम्हाला झाडापासून लांब ठेवण्यासाठी आणलेले होते.

आमचं झाड तेच, असं मी कधी म्हटलेलं नाही. ते कोयीचं झाड. कोय लावली की आंबा जसाच्या तसा उतरत नाही, म्हणून तर कलम करतात. माझगावच्या त्या जुन्या आंब्याचं हे पणतवंड असेल, नसेलही. पण मे महिन्यात ते भरभरून यायचं आणि नाताळच्या सुमाराला पुन्हा दोन-तीन डझन द्यायचं, हे मी सत्तर वर्षं पाहिलं आहे. साल पातळ, बाठा चपटा, रसाला थोडे धागे, देठाशी किंचित आंबट. वास मात्र असा की जिन्यात कोणाच्या घरी आढी उघडली ते तळमजल्यावर कळायचं. शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, आंटी नाताळचा पहिला आंबा बाळ येशूच्या गव्हाणीपुढे ठेवायच्या. मे महिन्यातला आमच्या घरचा पहिला इथल्या घोडपदेव या देवाला जायचा. दोघांचं झाड एकच.

आमचं मागणं तरी काय होतं? झाड तपासा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून हेच काम करतंय. त्यांच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला, पुढे जवळजवळ बाठाच नसलेला सिंधू काढला. त्या माणसांना एकदा हे झाड दाखवा, ती म्हणाली साधा रायवळ आहे, तर आम्ही मान्य करू. आणि तोवर कलमासाठी चार काड्या घेऊ द्या.

माझ्या मेहुण्याची लांज्याला कलमांची रोपवाटिका आहे. काडी लागते वीतभर, पेन्सिलीएवढी जाड. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटायची, शेंड्याचा डोळा फुगला की कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची. कोयीतून नुकत्याच वर आलेल्या कोवळ्या रोपाचं डोकं उडवायचं, उभी चीर द्यायची, काडीची पाचर तासून त्यात बसवायची आणि पट्टी घट्ट बांधायची. पावसाच्या ओल्या हवेत दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. एवढंच. ना टेंडर, ना निधी.

मग दोन वर्षांत का नाही केलं? कारण तुम्ही वाडीत येऊन गेलात. तुमच्या भेटीनंतर महिन्याभरात आम्हाला पत्र आलं की सदर झाडाच्या फांद्या परवानगीशिवाय छाटू नयेत, तज्ज्ञांमार्फत कार्यवाही करण्यात येईल. आम्ही कायद्याने चालणारी माणसं. मेहुणा म्हणत होता, रात्री चढा आणि चार काड्या काढा, कोण बघतंय. मीच त्याला गप्प बसवलं. मंत्र्यांनी शब्द दिलाय म्हटलं. दोन पावसाळे गेले. ज्या झाडाची डहाळी तोडली तर आमच्यावर गुन्हा, ते आख्खं झाड तोडायला तुमच्या माणसांना एक सकाळ पुरली. तुम्ही आला नसतात तर आज लांज्याला त्याची वीस कलमं उभी असती. हे मी रागाने लिहीत नाही, असं लिहिणार होतो. रागानेच लिहितोय.

माझ्या वहीत तुमच्या कचेऱ्यांच्या २९ खेपा लिहिलेल्या आहेत, न लिहिलेल्या धरल्या तर चाळीसच्या वर जातील. झाड एका खात्याचं, जमीन दुसऱ्याची, वारसा तिसऱ्याचा. फळझाडांचा विषय शेतीवाल्यांकडे नेला, तर मुंबई शहरात शेती नाही म्हणून अर्जच घेतला नाही. एकदा तिसऱ्या मजल्यावर अर्ज दिला, पोच तळमजल्यावर मिळेल म्हणाले. तळमजल्यावरचा माणूस जेवायला गेला होता, त्या दिवशी तो परत आलाच नाही.

याच दोन वर्षांत माझी बायको गेली. तिचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं. मधले दिवस मी तुमच्या दारात असायचो. घरी आलो की ती विचारायची, "दिली का काडी?" डॉक्टरांनी तिला आंबा बंद केला होता. शेवटच्या मे महिन्यात ती नुसता आंबा हातात धरून खिडकीत बसायची, खालच्या झाडाकडे बघत. गेल्या नोव्हेंबरात गेली. मुलगा म्हणतो, हे पत्रातून काढा, झाडाशी याचा काय संबंध. मी काढत नाही. जे दिवस तिच्या उशाशी बसायचे ते मी तुमच्या बाकड्यावर घालवले, आणि ते कशासाठी घालवले तेही आता उभं राहिलेलं नाही.

आमची इमारत पागडीची. स्वयंपाकघराचं प्लास्टर दोनदा पडलं, दुसऱ्यांदा नातीच्या पाटापासून हातभर लांब. पुनर्विकासाच्या सह्या देऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलं. झाडासाठी एवढे हेलपाटे घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या छपराची फिकीर नाही का, असं वाडीतले विचारतात. आहे. पण छपराचा शब्दही तुम्हीच दिलेला आहे.

इथल्या घोडपदेव भागातला माणूस शब्दांना पुरता ओळखतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला आणि तिसरा सार्वजनिक घरांना असं लिहिलं होतं. २००१ साली नियमातले शब्द बदलले, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची असं झालं, आणि कामगाराच्या वाट्याला चिंधी आली. आरेत २०१९ च्या ऑक्टोबरात दोन हजारांच्या वर झाडं पाडली, त्याची सुरुवात रात्री झाली. आमचं सकाळी दूध तापायच्या वेळी झालं. बाकी रीत तीच. आधी कागद तयार, मग करवत, मग माणसाला कळवणं.

या शहराची नावं तरी एकदा वाचून बघा. चिंचपोकळी, वडाळा, उमरखाडी, ताडदेव. गिरगावात फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. आमच्याकडे अंजीरवाडी, ताडवाडी. आंबेवाडीत राहणाऱ्या मुलाला आंबा प्लॅस्टिकच्या जाळीतून येतो असं वाटत असेल, तर त्याला हसू नका. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मलाही अभिमान वाटला, माझं गाव तिकडचंच आहे. पण ज्या गावात मी जन्मलो, ज्याचा आंबा दिल्लीला जायचा म्हणतात, त्या गावाचं एक झाड तपासायलासुद्धा कोणाला वेळ झाला नाही. माझगावला गाव म्हटलं की तुमच्या कचेरीत हसतात. आम्ही अजून गावच म्हणतो.

आता मागणं.

झाड तोडलं त्या दिवशी ट्रकच्या मागून ओढून मी अकरा काड्या काढल्या. ओल्या पंचात गुंडाळून रात्रीच्या गाडीने लांज्याला पाठवल्या. पानं आधी छाटलेली नव्हती, डोळे निजलेले होते, मेहुण्याने फोनवरच सांगितलं की आशा धरू नका. नऊ वाळल्या. दोन अजून हिरव्या आहेत, डोळा हललेला नाही.

बुंधा मात्र जमिनीत आहे, दोन फूट वर. येत्या सोमवारी तो यंत्राने उपटून तिथे काँक्रीट ओतणार आहेत. साहेब, हे झाड कलमी असतं तर बुंध्यातून खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा, फुटवा येऊ शकला असता, भलत्याच आंब्याचा. पण हे कोयीचं आहे, वर-खाली एकच. बुंध्याला जो कोंब येईल तो याच झाडाचा. मला एक पावसाळा हवा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती चार बाय चार फुटांची जागा सोडून रस्ता करा, इंजिनिअरना ते अवघड नाही, मी साइटवर आयुष्य काढलंय. कोंब पेन्सिलीएवढा झाला की आम्ही काड्या घेऊ, मग बुंधा तुमचा. त्याची लेखी परवानगी सोमवारच्या आत द्या. पस्तीस वर्षांचा आकडा कोणी लिहिला ते शोधा. पाटी नको, रोपं नकोत, फोटोला येऊ नका.

बुंध्यावर मी ओलं गोणपाट टाकलं आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. काल कोणीतरी ते उचलून गटाराकडे फेकलं होतं, मी परत आणून टाकलं. निदान तेवढ्याला हात लावू नका, असं मुकादमाला आजच सांगा.

आपला,
माझगावातल्या वाडीतला एक रहिवासी
१६ मे