अंगाऱ्याआधी डॉक्टर

रविवार पुरवणीतील ‘स्लीप पॅरालिसिस’वरील (जाग येऊनही शरीर हलवता न येणे) लेख भुताची भीती घालवतो, हे चांगलेच, पण ‘घाबरू नका, आपोआप थांबते’ हा त्यातील सल्ला अपुरा वाटला. स्वप्नावस्थेत मेंदू स्नायू शिथिल ठेवतो. कधी जाग आधी येते आणि शरीर काही क्षण जखडलेलेच राहते. सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी हा अनुभव येतो. त्यांतील बहुतेकांना तो सल्ला पुरेल. माझ्यासारख्या वर्षानुवर्षे त्रास असलेल्यांना नाही. अपुरी झोप, रात्रपाळी, उताणे झोपणे यांनी तो बळावतो. दिवसाही अनावर झोप येत असेल, तर नार्कोलेप्सी या निद्राविकाराची तपासणी हवी. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. तरी अनेक घरांत आधी अंगारा आणि जमल्यास डॉक्टर, हाच क्रम. निद्राविकारतज्ज्ञाकडे केव्हा जावे, हेही कृपया छापावे.

– एक वाचक, सातारा