मालक सुटला, वाटसरू फासावर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ग्रिम बंधूंच्या परीकथांवरचा लेख आवडला. पण त्याच संग्रहात ११० व्या क्रमांकाला ‘काटेरी झुडपातला ज्यू’ ही गोष्ट आहे, तिचा त्यात उल्लेखही नाही. माझी सगळी नोकरी कोर्टात कारकुनीत गेली. त्यामुळे ही गोष्ट मी खटल्याचे कागद चाळावेत तशीच वाचली.

एका श्रीमंत कंजुषाकडे गडी तीन वर्षं राबतो, मजुरी मिळते तीन दमड्या. त्या एका बुटक्याला दिल्यावर गड्याला फिडल (व्हायोलिनसारखं वाद्य) मिळतं, ऐकेल त्याला नाचवणारं. वाटेत बोकडदाढीवाला एक ज्यू पक्ष्याचं गाणं ऐकत उभा असतो. गडी पक्षी पाडतो, तो आणायला ज्यूला काट्यांत धाडतो आणि फिडल वाजवू लागतो. अंगरखा फाटतो, अंग सोलवटतं. सोन्याची थैली दिल्यावरच सुटका. ज्यू फिर्याद करतो. ‘थैली त्यानं आपणहून दिली’ हा गड्याचा बचाव न्यायाधीश फेटाळतो, कारण कुठलाच ज्यू असं करत नाही म्हणे! गड्याला फाशी सुनावली जाते. ज्यूच्या बाजूनं निकाल लागतो तोही जात काढून.

फासाच्या शिडीवर गडी शेवटचं फिडल वाजवायला मागतो. सगळा गाव नाचून बेजार, न्यायाधीश प्राणदान देतो. मग गडी ज्यूला दरडावतो: पैसे कुठून आणलेस बोल, नाहीतर पुन्हा वाजवतो. ‘मी चोरले,’ तो ओरडतो. एवढ्यावर त्याला फाशी. कुणाचे चोरले? फिर्यादी नाही, पंचनामा नाही. आणि मजुरी बुडवणाऱ्या मालकावर साधं समन्ससुद्धा नाही.

या कथेच्या जुन्या रूपांत, अगदी १६१८ च्या सुमाराच्या जर्मन पाठातही, काट्यांत नाचतो तो ख्रिस्ती मठातला साधू. ग्रिम बंधूंना ते पाठ माहीत होते. तरी १८१५ च्या खंडात ज्यूच आला, आणि १८२५ च्या निवडक ५० गोष्टींतही राहिला. बहुतेक जर्मन शहरांत ज्यूंना कारागिरांच्या संघात प्रवेश नव्हता, जमीन घेता येत नसे. उरली फेरी आणि सावकारी. फ्रँकफुर्टनं तर १४६२ पासून त्यांना एकाच गल्लीत कोंडलं. कर्जाच्या तगाद्याला गरिबाला दिसणारा चेहरा ज्यूचाच, त्याच्यामागचा कायदा दिसत नसे.

११५ व्या गोष्टीत एक शिंपी ज्यूचा खून करतो आणि अखेर मृत्युदंड भोगतो, हेही नोंदवायला हवं. पण तिथेही ‘माझ्याकडे आठच दमड्या आहेत’ हे ज्यूचं खरं बोलणं शिंप्याला पटत नाही.

आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, इथे ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यावर अशी गोष्ट आजीकडून कधी ऐकली नाही. (मारवाड्यावरच्या मात्र ऐकल्या, हसलोही.)

ग्रिमचा पूर्ण संग्रह कुणी मराठीत छापणार असेल, तर ही गोष्ट गाळू नये, ‘ज्यू’ खोडून तिथे ‘कंजूष’ही घालू नये. शेजारच्या पानावर साधूची जुनी गोष्ट द्यावी.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कारकून, अलिबाग