महूच्या अण्णांचे आभार, चारचौघांत

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

भीमा, आमचं सुलकाटा जातीचं कासव, दिरांकडून आमच्याकडे आला तेव्हा राजेंद्रनगरात जो येई तो एकच सल्ला देई: कासव आहे ना, हौद भरून द्या. पाऊस लागला की अंगणात सोडा, खूश होईल. सुलकाटा हे सहाराच्या दक्षिणेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यातलं जमिनीवरचं कासव. हौदात ते बुडून मरेल, हे पटवता पटवता मी थकले होते. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "कागद झालेत का?" परदेशी प्राण्यांची नोंद होते त्या सरकारी परिवेश पोर्टलवरची नोंदणी बघितलीत आणि मगच चपला काढल्यात. (आपलं तारा कासव असतं तर दारातूनच परतला असतात, आणि ते बरोबरच. ते पाळायला कायद्याने बंदीच आहे.)

मग भीमाकडे ढुंकूनही न बघता तुम्ही त्याच्या खोपटातला मूठभर भुसा उचलून दाबलात. मूठ उघडली तरी गोळा फुटला नाही, म्हणजे भुशात ओल. जन्मभर कोंबड्यांच्या शेडमध्ये राबलेल्या माणसाला तेवढं पुरलं. "वहिनी, कोरडी थंडी हा थोडीफार सोसेल. उबेतली ओलही सोसेल. दोन्ही एकदम आली की छाती भरणार." पुढे वाचलं तर तंतोतंत तेच. साहेलमध्येही ही कासवं खोल बिळं करतात आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा दमटच असते, पण उबदार. शिवाय कासवाला आपल्यासारखं जोरात खोकून कफ काढता येत नाही, त्यामुळे न्यूमोनिया झाला तर बरा करणं अवघड.

इंदूरचा श्रावण माणसाला गोड वाटतो. दिवसचे दिवस ऊन नाही, हवेत गारवा, भजी तळावीत असा. भीमाला तोच जड जातो. बरं, तो थंडीत झोपूनही जात नाही. या जातीला शीतनिद्रा नाहीच. म्हणजे जानेवारीतही ऊब हवी.

तुम्ही खोपटाला जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांचा तळ केलात, दुहेरी प्लायच्या मध्ये थर्माकोल भरलात, आणि दाराला कोल्ड स्टोरेजसारख्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्या लावल्यात. भीमा त्या डोक्याने ढकलत बुलडोझरसारखा आत-बाहेर करतो. पाठीवर बल्ब टांगायचा माझा बेत तुम्ही साफ मोडीत काढलात. एवढ्या मोठ्या पाठीवर एकाच जागी उष्णता पडली तर कवच भाजतं आणि पोट गारच राहतं, हे तुमच्या लगेच लक्षात आलं. त्याऐवजी ऑइलचा हीटर विटांच्या आडोशाला, थर्मोस्टॅट लावून. रात्री २५ अंशांच्या खाली नाही. लाइट गेली तरी खोपट बराच वेळ ऊब धरतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कशी जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली, हे नोंदवून ठेवते. काचेतून ऊन येतं, पण हाडांसाठी लागणारे यूव्हीबी किरण काच बहुतेक अडवते. म्हणून त्यासाठी वेगळी ट्यूब. तुम्ही "असं होय" म्हणालात आणि खिडकीचं माप घेणं तिथेच थांबवलंत. तुमच्या वयाची किती माणसं एवढ्या सहज ऐकून घेतात?

भीमा आता सुकं गवत आणि दूर्वा चरत असतो. ही कासवं पन्नास वर्षांहून जास्त जगतात, तेव्हा त्याचा पुढचा वाली कोण यावर घरात चर्चा सुरू आहे. तुमच्या नातवाचं नाव पुढे आलंय. त्याला अजून विचारलेलं नाही.

प्लाय आणि पट्ट्यांचे पैसे तुम्ही घेत नव्हतात. ते मी काल सूनबाईंकडे दिलेत. तिच्यावर रागावू नका.

आपली,
राजेंद्रनगरची वहिनी