मागीलदारचा न्हावी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली सात प्रकरणं दोनदा वाचली. पहिल्यांदा नुसती आई म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच "हो गं, कळलं" म्हणतेस आणि बोलायचं राहून जातं.

वपनाच्या, म्हणजे विधवेचे केस भादरण्याच्या प्रकरणाशी मी अडले. १८८९ सालचं पुण्याजवळचं खेडं, तेरा वर्षांची विधवा मुलगी, आणि ती न्हाव्याच्या हातातला वस्तरा हिसकावून म्हणते, "माझ्या शरीरावर माझा हक्क आहे." मनू, हे वाक्य तुझं आहे गं. तिला ते कुठून सुचणार?

आत्याआजीला तू पाहिलं नाहीस. १९६३ साली ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लाल आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर. नवव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता. न्हाण आलं आणि वपन झालं. मी विचारलं होतं, "तू रडलीस का गं?" म्हणाली, "नाही. आई इतकी रडत होती की मी गप्पच बसले."

पुढे दर पंधरवड्याला उजाडायच्या आत न्हावी मागीलदारी यायचा. त्या दिवशी ती जेवायची नाही. घरच्यांना वाटायचं, काहीतरी व्रत असेल. तिनं कधी खुलासा केला नाही. मला सांगितलं ते मी लहान होते म्हणून. आयुष्यभर पंधरवड्याला एक जेवण तिनं नाकारलं, आणि ते कुणाला कळलंही नाही. तुझ्या नायिकेला असं काहीतरी दे. वस्तरा हिसकावण्याइतकंच मोठं आहे ते.

आणि तो न्हावी. तू त्याला खदाखदा हसवलंस, ते मला फार लागलं. १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं वपन करायचं नाही म्हणून संप केला होता. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा. गिरणी कामगारांची संघटना बांधणारे तेच. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला! तुझी गोष्ट तर त्याच्या एकच वर्ष आधीची. खेड्यातल्या न्हाव्याचं पोट बलुत्यावर. नाही म्हटलं तर सुगीला धान्य कोण देणार? त्याचा हात थरथरला असेल की नसेल, ते तू ठरव. पण त्याच्याकडे एकदा बघ तरी.

तुझ्या वाड्यात भांडी घासणारी बाई आहे, तिला तू दोन ओळींत उरकलंस. तिच्या जातीत नवरा मेला तर पाट लावायची, म्हणजे पुन्हा लग्नाची रीत असणार. म्हणजे माजघरातली मुलगी जन्मभर सोवळी, आणि परसात राख घेऊन बसलेली बाई दुसऱ्या संसाराची. त्या दोघी एकमेकींकडे बघत असतील ना? 'त्या काळची हिंदू स्त्री' अशी एकच बाई कुठे नव्हती. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पण त्यातच लिहिलं होतं की दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क सुटला. हे तुझ्या गोष्टीतल्या सासऱ्याच्या तोंडी घाल. त्याला नक्की ठाऊक असणार.

ठणकावून बोलणारी बाई तुला हवीच असेल तर रखमाबाईंकडे जा. अकराव्या वर्षी लग्न, सासरी नांदायला नकार, नवऱ्याचा दावा. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयानं फर्मावलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली; मग लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या. पण त्यांच्यामागे कोण होतं, ते बघ. आई जयंतीबाई स्वतः विधवा होऊन पुन्हा लग्न केलेल्या, सावत्र वडील डॉक्टर. म्हणून तर टाइम्स ऑफ इंडियात 'हिंदू लेडी' या नावानं पत्रं लिहिता आली. तुझ्या मुलीच्या घरात असं कोण आहे? कुणी नसेल तर तिचं बोलणं निराळं होईल, आणि कुणी असेल तर त्या माणसाला आधीच्या प्रकरणांत आण.

सासू मात्र सुरेख उतरली आहे. सून विहिरीवर असताना ती चुलीपुढे पाठ करून बसते आणि भाकरी करपू देते, तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. एक अक्षर बदलू नकोस.

पाचव्या प्रकरणात मुलगी पहाटे दोन घागरी घेऊन 'तुरुतुरु' येते. आत्याआजीची तांब्याची घागर मी पोटमाळ्यावरून काढून, चिंचेनं घासून ठेवली आहे. दिवाळीला आलीस की मागच्या आडावर जा. काठोकाठ भर, कमरेवर घे आणि स्वयंपाकघरापर्यंत ये. मग ते प्रकरण पुन्हा लिही.

तुझी,
आई