दर वेळी परीक्षेची भीती नसते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘अभ्यासाचं टेन्शन घेतो, म्हणून पोट बिघडतं,’ हे माझ्या मुलाबद्दल नातेवाइकांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. तो दहावीत आहे. नाशिकरोडहून शाळेला निघाला की पोटात कळ येऊन कितीदा वाटेत द्वारका चौकातच बसमधून उतरायचा. घरून उपाशी जायला लागला. दप्तरात तळाशी जादा पँट ठेवायचा, मलाही न सांगता. तासाला परवानगी मागितली की भर वर्गात ‘आत्ताच जाऊन आलास ना?’ पंधरा वर्षांच्या पोराला हे फार लागतं हो.

रक्त, शौच, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. निदान झालं जुलाबाच्या आयबीएसचं, म्हणजे तपासण्यांत दोष न दिसता पोट वारंवार दुखण्या-बिघडण्याच्या विकाराचं. पुढे पोटविकारतज्ज्ञ बाईंनी पित्ताम्लांचा विषय काढला. यकृत ही आम्लं चरबी पचवण्यासाठी बनवतं. काम झालं की त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. हे शोषण कमी पडलं किंवा यकृतानंच ती जास्त बनवली, तर ती मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे पाणी सुटतं, आतड्याची हालचाल वाढते आणि मुलाला धावावं लागतं. मोठ्यांमध्ये अशा आयबीएसच्या साधारण चार रुग्णांत एकाला हे कारण सापडतं. किशोरवयीन मुलांवरचं संशोधन अजून थोडं आहे, पण म्हणून डॉक्टरांना विचारायचंच नाही असं नाही.

याच्या खास तपासण्या सगळीकडे होत नाहीत, त्यामुळे डॉक्टर कधी कधी औषध देऊनच फरक बघतात. आमच्याकडे कोलेस्टायरामिनची, म्हणजे आतड्यातली पित्ताम्लं बांधून ठेवणाऱ्या औषधाची पूड दिली. ती पाण्यात विरघळत नाही, कितीही ढवळली तरी वाळूसारखी तळाशी बसते. मुलगा तोंड वाकडं करून पितो, मग पेला विसळून तेही पितो. इतर औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार तासांनंतर घ्यायची. तळलेलं कमी केलंय, मिसळ खातो ती तर्रीशिवाय. आता पहिल्या तासाला वर्गात असतो. ही पूड मनानं मात्र कुणी आणू नये. बद्धकोष्ठता होते, काही जीवनसत्त्वांचं शोषण घटतं. शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, उंची खुंटणं, ताप, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागणं, यातलं काही असेल तर आयबीएस समजून घरी बसू नका, लगेच दाखवा.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांना कळकळीची विनंती आहे. डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या मुलाला न विचारता बाहेर जाता यावं, परीक्षेत दाराजवळचा बाक मिळावा आणि स्वच्छतागृहाला कडी व नळाला पाणी असावं, असं शाळांना सहामाहीपूर्वी लेखी कळवा.

– एक आई, नाशिकरोड